नोकरी आधी, मग बघू!

आमच्याकडे एक म्हण आहे : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच! परगावच्या माणसाने ती थट्टेने म्हणावी, हे मी समजू शकतो. परंतु आमच्याच लोकांनी तिचे जीवनसूत्र करावे, याचा मला संताप येतो. नोकरी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर मग एखादा धंदा ‘बघू’. धंदा म्हणजे जणू नापासांचा वर्ग!

हे पाप माझ्याही पदरी आहे. माझा एक जुना विद्यार्थी विहिरीवरच्या मोटारी सुरेख दुरुस्त करी. पंचक्रोशीतले शेतकरी त्याला बोलावून नेत. ‘गुरुजी, स्वतःची कंपनी काढायची आहे. केव्हा काढू?’ असे त्याने विचारले, तेव्हा मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, ‘आधी नोकरी लागू दे, मग बघ.’ सात वर्षे तो परीक्षा देत राहिला. वयाची मर्यादा उलटली. आज तो दुसऱ्याच्या दुकानात मोटारी दुरुस्त करतो आणि रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार मला बोचतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करही मास्तरच होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत. त्यांना डावलून बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली आणि त्यांनी नोकरी सोडली. एवढीच गोष्ट आपण वर्गात सांगतो. पण मास्तरकी करतानाच ते मुंबईहून बेळगावला सायकली धाडीत, आणि तिथे त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकीत, हे सांगायचे राहून जाते. अपमान हे निमित्त. पाया आधीच घातलेला होता. पुढे लोखंडी नांगर केला, तर शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन नासते! पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने माळावर किर्लोस्करवाडी वसली ती १९१० साली.

तेव्हा ‘भांडवल जमू दे’ म्हणणारे चुकतात, आणि ‘घर विकून उडी घे’ म्हणणारेही चुकतात. २०१३ च्या कायद्याने एकट्या माणसालाही कंपनी काढता येते. किमान भांडवलाची अट २०१५ साली गेली. कागद सोपा झाला, म्हणून पाटी आधी अन् गिऱ्हाईक मागून, असा नवा रोगही पसरला आहे. मी दोनच प्रश्न विचारीन. एकदा आलेले गिऱ्हाईक पैसे मोजून पुन्हा येते का? आणि वर्षभर घरची चूल पेटती राहील का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर तोच मुहूर्त. त्यानंतर थांबणे म्हणजे सावधपणा नव्हे, भित्रेपणा होय.

आईबापहो, तुमच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर यंदा फराळाच्या ताटावर ‘आधी नोकरी’ हे पालुपद लावू नका. पाडवा हा साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त. त्या दिवशी मी त्या विद्यार्थ्याच्या घरी जाणार आहे. उपदेश करायला नव्हे. आमच्या विहिरीवरची मोटार बंद पडली आहे; ती त्याच्या मालकाच्या दुकानात न टाकता त्याच्याच हाती देणार आहे, आणि मजुरीही आगाऊ देणार आहे.