*प्लग घासू नका, बदला: हंगामाआधीच*



आज फवारणी नाही, बाजारभाव नाही. आज बोलायचंय माल वाहणाऱ्या गाडीबद्दल. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे आता सीएनजीचा छोटा टेम्पो किंवा पिकअप आहे. लाख-दीड लाख किलोमीटर झालेल्या या गाड्यांवरच आपला भाजीपाला लिलावाला जातो.

(डिझेलच्या गाडीला स्पार्क प्लग नसतो. त्यांनी हा मेसेज शेजाऱ्याला पाठवावा.)

नेहमीची तक्रार अशी: *"पेट्रोलवर नीट चालते, गॅसवर टाकली की झटके देते, चढाला दम सोडते."* मग सगळे गॅस किटला दोष देतात, ट्युनिंग करत बसतात. आमचं मत स्पष्ट आहे: *आधी प्लग बघा.*

कारण साधं आहे. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त ताकदीची ठिणगी लागते. प्लग झिजला की त्याच्या टोकांमधली फट वाढते, ठिणगी कमजोर पडते. पेट्रोलवर निभावतं, गॅसवर उघडं पडतं. तसंच चालवत राहिलं तर कॉइलवर ताण येतो, न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. शे-दोनशेच्या प्लगपायी हजारोंचं काम निघतं.

"चालतेय ना, मग कशाला हात लावायचा?" हे मत आम्हाला पटत नाही. गाडी अंगणात बंद पडत नाही. ती भरलेल्या मालासकट घाटात बंद पडते. लिलाव गाडीसाठी थांबत नाही आणि उशिरा पोचलेल्या टोमॅटोला सकाळचा भाव मिळत नाही. शिवाय वर्षानुवर्षे न काढलेला प्लग हेडमध्ये जाम बसतो. तो काढताना आटे गेले की हेडचंच काम करावं लागतं.

पॉलिश पेपरने घासून तोच प्लग परत बसवणं ही बचत नाही. झिजलेलं टोक घासून परत येत नाही. इरिडियम प्लगचं टोक तर बारीक असतं, घासलं की संपलंच.

*मग करायचं काय?*

✅ गाडीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला प्लग बदला. गॅसवर जास्त चालणारी गाडी त्याआधीच दाखवा.
✅ सगळे प्लग एकदम बदला, एखादा नको.
✅ पुस्तकात दिलेल्या नंबरचाच प्लग घ्या. "हाच बसतो" यावर जाऊ नका.
✅ इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढा. आधी भोवतालची धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते.
✅ एक काढा, एक बसवा, म्हणजे वायरींची अदलाबदल होणार नाही.
✅ सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा. पाना नंतर. जोर लावून आवळू नका.
✅ जुने प्लग मेकॅनिककडून मागून घ्या. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी: इंजिन ठीक. काळी काजळी: इंधन जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट ओलं: इंजिन ऑइल वर येतंय. पांढरं, फोड आल्यासारखं: इंजिन जास्त तापतंय.

प्लग बदलूनही झटके राहिले तर वायर, कॉइल, मग किट. या क्रमाने गेलात तर पैसा वाचेल.

शेवटची गोष्ट. बैलाला पोळ्याला सजवतो, पण त्याचे खूर वर्षभर बघतो. गाडीला दसऱ्याला हार घालतो, तेवढ्यावर भागत नाही. बदललेल्या प्लगची तारीख आणि किलोमीटर खडूने नाही, *वहीत* लिहा. भाड्याची गाडी लावत असाल तर हंगाम सुरू व्हायच्या आधी मालकाला एवढंच विचारा: "दादा, प्लग कधी बदललेत?" उत्तर आठवून द्यावं लागलं, तर समजून घ्या.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी, माल वाहतूक विभाग