चित्रकाराने घडविलेली वास्तू

नवी दिल्लीच्या चाणक्यपुरीत बेल्जियमची वकिलात आहे. तिच्या लाल विटांच्या कमानी व घुमट पाहताना एखाद्या प्राचीन नगरीचेच स्मरण व्हावे. १९८०च्या दशकाच्या आरंभी उभ्या राहिलेल्या या वास्तूचे रचनाकार सतीश गुजराल यांच्यापाशी वास्तुविद्येची पदवी मात्र नव्हती. ते होते चित्रकार आणि शिल्पकार.

१९२५ साली झेलम येथे जन्मलेल्या गुजराल यांची श्रवणशक्ती बालपणीच हरपली. लाहोर आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. फाळणीची वेदना त्यांनी चित्रांतून मांडली. १९५२ साली ते मेक्सिकोला गेले आणि तेथे दिएगो रिवेरा व सिकेरोस या भित्तिचित्रकारांच्या सहवासात चित्र भिंतीवर आले. पुढे जळक्या लाकडातून शिल्पे साकारली. चौकटीतून भिंतीकडे, भिंतीतून आकाराकडे आलेला हा कलावंत अखेर वास्तूपाशी पोहोचला, यात नवल ते कोणते? गोवा विद्यापीठाच्या संकुलाची रचनाही त्यांचीच.

चित्रकाराने इमारती बांधाव्यात काय, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. तो अगदीच अनाठायी नव्हता. वास्तूत माणसे वावरतात. तेथे भाराचे गणित चुकून चालत नाही. ते गणित अभियंत्यानेच करावे. परंतु प्रकाश कोठून यावा, भिंतीने माणसाशी काय बोलावे, हे केवळ गणित सांगत नाही.

आपल्या परंपरेला ही फारकत ठाऊकच नव्हती. वेरूळचे कैलास लेणे शिल्प म्हणावे की वास्तू? कळसापासून पायथ्याकडे एकाच खडकातून कोरत आणलेल्या त्या मंदिरात शिल्पी आणि स्थपती यांना वेगळे काढताच येत नाही. गुजराल यांनी म्हणूनच परक्या क्षेत्रात घुसखोरी केली नाही. दुरावलेल्या दोन कलांची त्यांनी पुन्हा गाठ घालून दिली.

१९९९ साली पद्मविभूषणाने सन्मानित झालेले गुजराल २०२० साली निवर्तले. त्यांचा धडा मात्र आपण अद्याप गिरविलेला नाही. गावातील शाळा, सभागृह वा वाचनालय बांधताना कलावंताला बोलावणे जाते ते रंगसफेदीनंतर, उरलेली भिंत सजविण्यासाठी. ते बोलावणे पायाभरणीपूर्वी गेले पाहिजे. पुढील पिढ्यांचे सौंदर्यभान याच भिंतींच्या आत घडणार आहे.