मोबदल्यावाचून बंधन

सार्वजनिक हितापुढे एका मिळकतदाराच्या सोयीची मातब्बरी ती काय, असा सवाल करून नगररचनेच्या एका अभ्यासकाने नुकतेच असे प्रतिपादन केले आहे की, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 127, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जमीन मुदतीत न घेतल्यास तिच्यावरील आरक्षण रद्द ठरविणारे कलम, समूळ काढून टाकावे. कारण त्याच्या आडोशाने धनदांडगे मालक क्रीडांगणांच्या जागा सोडवून घेतात. शहरातल्या जमिनीची किंमत समाज वाढवितो, सबब समाजाने ती हवी तेव्हा घ्यावी, एवढाच त्यांचा युक्तिवाद.

किंमत समाजाने वाढविली असेल तर तिच्यावर कर बसवावा. धनदांडगे वकील लावून सुटतातच. अडकतो तो दोन-चार गुंठ्यांचा धनी.

परंतु मुख्य आक्षेप निराळा आहे. या कलमाने मालकाला दिले तरी काय? अंतिम विकास योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षे लोटल्यावर त्याने खरेदी सूचना द्यावयाची, आणि मग पूर्वी सहा, पुढे बारा व 2015 च्या दुरुस्तीनंतर चोवीस महिने वाट पाहावयाची. म्हणजे मुदत वाढत गेली ती केवळ घेणाऱ्याच्या सोयीने. एवढा सारा काळ जमीन कागदोपत्री त्याचीच, कराची मागणी त्याच्याच नावे, अतिक्रमण झाले तर कोर्टाच्या पायऱ्याही त्यानेच चढावयाच्या. मात्र आरक्षणाविरुद्ध बांधकामाची परवानगी नाही, रास्त भावाने गिऱ्हाईक नाही, आणि मोबदल्याचा एक पैसाही नाही. नुसता प्रस्ताव पाठविणे म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे, हे 2007 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, यावरून दप्तरी दिरंगाई कोणत्या थरास गेली होती ते कळते. ज्याला हे लोकहित वाटते, त्याने लोकांत त्या मालकाची गणनाच केलेली नाही.

हा वाद आजचा नव्हे. 1921 साली मुळशी पेट्यातील शेतकरी धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रहास उभे राहिले, तेव्हाही मुंबईला वीज हवी म्हणून मावळ्यांनी मुकाट्याने उठावे, असा उपदेश करणारे विद्वान होतेच. आणि त्यांचीही स्वतःची जमीन त्या खोऱ्यात नव्हती.

जमीन घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. शाळा, दवाखाने, रस्ते यांना जागा लागणारच. परंतु आरक्षण ठेवतानाच संपादनखर्चाची तजवीज अंदाजपत्रकात दिसली पाहिजे, आणि विलंबाच्या प्रत्येक वर्षाचा मोबदला मालकाच्या हाती पडला पाहिजे. 2013 च्या भूसंपादन कायद्याने दिलासा रक्कम शंभर टक्के केली खरी, पण ती संपादन झाल्यावर. आरक्षणात कुजलेल्या वर्षांचा हिशेब तिच्यात नाही. तिजोरीत पैसा नसेल तर आरक्षणे कमी ठेवावीत. तोवर कलम 127 राहू द्यावे, आणि चोवीस महिन्यांची मुदत पुन्हा सहावर आणावी.