ट्रॅकर चालतोय ना, मग अपडेट कशाला?

गाड्यांचा धंदा करणारे हेच विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: अपडेट टाळणं म्हणजे उधारी साठवणं.

जीपीएसचा मूळ सिग्नल आठवडे १,०२३ पर्यंतच मोजतो, मग पुन्हा शून्य. ६ एप्रिल २०१९ ला तसं झालं. ही मोजणी कुठून धरायची ते फर्मवेअर ठरवतं, म्हणून काही ट्रॅकर वेगळ्याच दिवशी दगा देतात. जागा बरोबर, तारीख मात्र जवळपास वीस वर्षं मागे! मग ट्रिपचा रिपोर्ट, गिऱ्हाइकाला दाखवायचा पुरावा, सगळंच बाद.

पण सगळे एकदम अपडेट करू नका. आधी उभ्या असलेल्या दोन गाड्यांवर करा, दोन दिवस रिपोर्ट तपासा, मग बाकीच्या. आणि खरेदीआधीच विचारा: अपडेट किती वर्षं देणार? उत्तर लेखी घ्या.