पौंडाला १२० ने गुणणं आधी थांबवा

गेल्या पंधरा दिवसांत वाडीतल्या आणि पाचाडच्या मिळून तिघांचे मेसेज आले. तिघांचाही प्रश्न एकच. "दादा, इंग्लंडचा केअरचा व्हिसा मिळतोय म्हणे. एजंट बारा लाख मागतोय. रस्त्याकडची जागा काढावी का?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो. पोस्ट लांब झालीय. पण जागा विकायचा विचार चालला असेल तर दहा मिनिटं काढून शेवटपर्यंत वाचा.

आधी सरळ उत्तर. बाहेरच्या देशातून नव्याने केअर वर्कर आणायचा व्हिसा २२ जुलै २०२५ पासून बंद आहे. कमी नाही केलेला, बंद. त्यामुळे आज जो कोणी तुम्हाला हा व्हिसा विकतोय, तो एकतर खोटं बोलतोय किंवा तुम्हाला टुरिस्ट म्हणून इथे आणून सोडणार आहे. आणि व्हिसा चालू होता तेव्हासुद्धा नोकरीचं सर्टिफिकेट उमेदवाराला पैसे घेऊन विकणं इथल्या नियमात बसत नव्हतंच. तरी लोकांनी लाखो रुपये मोजले. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात इथल्या सरकारने केअर क्षेत्रातल्या ४७० हून जास्त कंपन्यांचे परवाने रद्द केले. त्यात ३९ हजारांहून जास्त कामगार अडकले. कंपनी बुडाली की आपल्याला ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बॅग भरायची. त्या कामगारांत आपली मराठी पोरंही आहेत. एकाने घरचं शेत गहाण टाकलं होतं, आज तो एका गोदामात रात्रपाळीला लपूनछपून काम करतो. यापुढे त्याचं काही लिहीत नाही.

आता हिशेब. गावात सगळ्यांना वाटतं, पौंड १२० च्या आसपास, म्हणजे काय चंगळ. वर्षाला २५ हजार पौंड पगार धरा, केअरच्या व्हिसावर साधारण तेवढाच असतो. पहिल्या १२,५७० वर कर नाही, वरच्या रकमेवर २० टक्के आयकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स. हातात महिन्याला सतराशे नव्वदच्या आसपास येतात, पेन्शनची कपात धरली तर त्याहून कमी. गुणिले १२० केलं की दोन लाखांच्या वर दिसतात. पण भाजी काय महाडच्या बाजारातून आणायची नाही ना! मी बर्मिंगहॅमला राहतो, लंडनच्या मानाने स्वस्त. घरभाडं ९५०. नगरपालिकेचा कर १३० च्या वर. वीज-गॅस १३०. पाणी आणि फोन-इंटरनेट मिळून नव्वद. चौघांचं किराणा-दूध साडेतीनशेत बसवायचं म्हणजे बायकोची कसरत. राहिल्या दीडशेत गाडीचा विमा आणि पेट्रोल बसवायचं. गाडी चैनीची नाही, मी घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करतो, गाडीशिवाय हे काम होत नाही. म्हणजे माझा पगार महिन्याच्या शेवटी शून्य. आईला जे पाठवतो ते बायकोच्या पगारातून. आणि तुम्ही आज कुठल्याही केअरच्या मार्गाने आलात तरी बायकोला आणता येणार नाही, ते दार ११ मार्च २०२४ लाच बंद झालंय.

हे असं का झालं? इथलं राजकारण थोडं समजून घ्या, कारण आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच गोष्टी फिरतात, एक तर 'ब्रिटन बुडाला' नाहीतर 'ब्रिटन म्हणजे सोनं'. दोन्ही खोटं.

मी फेब्रुवारी २०२३ मध्ये उतरलो. त्याच्या चार महिने आधी, ऑक्टोबर २०२२ ला, इथली महागाई ११.१ टक्क्यांवर गेली होती, चाळीस वर्षांतली सगळ्यात जास्त. मार्च २०२३ ला खाण्याच्या वस्तू वर्षभरात १९ टक्क्यांनी महागल्या होत्या. मूळ कारण युक्रेनचं युद्ध आणि गॅस. इथे घर गॅसवर तापतं आणि विजेचा भावही बराचसा गॅसच्या भावावर ठरतो. एका साधारण घराच्या वीज-गॅसच्या वर्षाच्या बिलाची मर्यादा ऑक्टोबर २०२१ ला १,२७७ पौंड होती, २०२५ च्या शेवटी १,७५५ होती. विजेचं एक युनिट तेव्हा २६ पेन्सला होतं, म्हणजे तीस रुपयांच्या वर. २०२५ च्या शेवटी महागाईचा दर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला म्हणून मंत्री पाठ थोपटून घेत होते. पण दर कमी झाला म्हणजे भाव खाली आले असं नाही. रोपवेचा पाळणा हळू झाला तरी तो वरच चाललेला असतो, हे हिरकणीवाडीच्या माणसाला समजावून सांगायला नको.

त्यात राजकारण्यांनी भर घातली. २०२२ या एका वर्षात तीन पंतप्रधान. त्यातल्या लिझ ट्रस बाई ५० दिवस टिकल्या. त्यांच्या अर्थमंत्र्यांनी २३ सप्टेंबरला ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसे आणणार कुठून ते सांगितलंच नाही. पौंड घसरला, सरकारी कर्जाचं व्याज भडकलं. व्याजदर त्याआधीच चढायला लागले होते, सगळं खापर त्यांच्यावर फोडता येणार नाही, पण त्यांनी आगीत रॉकेल ओतलं. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला ०.१ टक्के असलेला बँकेचा दर ऑगस्ट २०२३ ला ५.२५ टक्के झाला. आता तुम्ही म्हणाल, भाड्याने राहणाऱ्याला व्याजाचं काय? घरमालकाचा हप्ता वाढला की तो भाडं वाढवतो, एवढं सरळ आहे. २०२५ च्या शेवटी देशातलं सरासरी भाडं साडेतेराशे पौंडांच्या आसपास होतं. माझ्या पगाराशी ताडून बघा.

२५ ऑक्टोबर २०२२ ला ऋषी सुनक पंतप्रधान झाले. ऐन दिवाळीत. आपल्याकडे कोण आनंद! 'इंग्रजांवर आपला माणूस राज्य करणार' म्हणून स्टेटस ठेवले होते लोकांनी. त्याच आपल्या माणसाच्या सरकारने केअर वर्करच्या बायकापोरांना बंदी घातली, विद्यार्थ्यांना कुटुंब आणायला बहुतेक बंदी घातली, आणि बाकीच्या व्हिसांवरचा आरोग्य अधिभार वर्षाला ६२४ वरून १,०३५ पौंड केला. २०२५ च्या शेवटी गृहमंत्री होत्या शबाना महमूद. त्यांचं घराणं काश्मीरकडच्या पाकिस्तानी भागातून आलेलं, मतदारसंघ आमच्या बर्मिंगहॅमचाच. त्यांचं पुढे सांगतोच. नाव आणि रंग बघून आशा ठेवण्यात काही अर्थ नाही, माणूस कुठल्या मतांवर निवडून येतो ते बघायचं.

४ जुलै २०२४ ला लेबर पक्ष ४११ जागा घेऊन आला. कामगारांचा पक्ष, मलाही बरं वाटलं. महिना झाला नाही तोवर अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी म्हाताऱ्यांचा हिवाळी इंधन भत्ता बहुतेकांचा काढून घेतला. दोनशे-तीनशे पौंडांची ती रक्कम. वर्षभर शिव्या खाल्ल्यावर जून २०२५ ला बहुतेकांना परत दिली. मधला एक हिवाळा गेला तो गेला. मी ज्या घरांत जातो तिथली एक आजी, ऐंशीच्या पुढची, एकटी राहते. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास हीटर. बाकी वेळ अंगावर दोन स्वेटर आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी. आयुष्यभर लेबरला मत दिलं, आता रिफॉर्मला देणार म्हणते. रिफॉर्म म्हणजे नायजेल फराज यांचा पक्ष, बाहेरचे लोक फार झाले म्हणणारा. २०२५ मध्ये बराच काळ मतचाचण्यांत पहिल्या नंबरवर तोच होता. मी तिचे पाय पुसत होतो तेव्हा हे सांगितलं तिने. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्याबद्दल नाही हं म्हणत मी." मला राग आला नाही. तिचा हीटर बंद आहे हे खरं आहे. तो मी बंद केला नाही, हे तिला कोणी सांगत नाही एवढंच.

कारण भाडं वाढलं ते वर्षानुवर्षं घरं पुरेशी बांधली नाहीत म्हणून. बिल वाढलं ते गॅसमुळे. आमच्या बर्मिंगहॅमची नगरपालिका सप्टेंबर २०२३ ला आपण दिवाळखोर आहोत असंच जवळजवळ जाहीर करून बसली, मग कर एका वर्षी १० टक्के, दुसऱ्या वर्षी साडेसात टक्के वाढवला. आणि सेवा? ११ मार्च २०२५ ला कचरागाडीवाले बेमुदत संपावर गेले. साहेबाच्या देशात रस्त्यावर कचऱ्याचे ढीग आणि मांजराएवढे उंदीर, फोटो टाकले तर महाडची नगरपालिका बरी म्हणाल. यातलं एकही काम परदेशी माणसाने बिघडवलेलं नाही. उलट केअरच्या कामात २०२५ मध्येही एक लाखावर जागा रिकाम्या होत्या. पण घरं बांधायला दहा वर्षं लागतात. परदेशी माणसावर नियम लावायला एक भाषण पुरतं.

आणि हे आपल्याला नवीन नाही. महाड एमआयडीसीत बाहेरून आलेल्या कामगारांबद्दल चहाच्या टपरीवर जे शब्द वापरले जातात, तेच शब्द मी इथे बसमध्ये इंग्रजीत ऐकतो. आपण कोकणातली माणसं, शंभर वर्षं मुंबईच्या गिरण्यांत चाकरमानी होतो. आपल्याला तरी हे कळायला हवं.

महाडहून वाडीला येताना वाटेत नाते लागतं. चिंतामणराव देशमुख त्या गावचे, जन्म १४ जानेवारी १८९६. केंब्रिजला शिकले, १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानातून माल उचलला आणि रोख पैसे न देता लंडनमधल्या खात्यावर मांडून ठेवले. शंभर कोटी पौंडांहून जास्त उधारी. त्याच्या बदल्यात इकडे नोटा छापल्या गेल्या, भाव आभाळाला भिडले, बंगालात माणसं किड्यामुंगीसारखी मेली. १९४४ ला अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या परिषदेत आपल्या शिष्टमंडळाने या उधारीचा प्रश्न मांडला, त्यात देशमुख होते. इथे कोणी मला 'तुम्ही लोक आमच्या पैशावर जगता' म्हटलं की मला नात्याची आठवण येते. बोलत नाही काही. तसंही माझ्या व्हिसावर सरकारी मदत घ्यायला बंदीच आहे, कर मात्र पूर्ण भरतो.

आता मुख्य गोष्ट. मी आलो तेव्हा नियम होता, पाच वर्षं काम करा, कायम राहायचा परवाना मागा. म्हणजे फेब्रुवारी २०२८. २० नोव्हेंबर २०२५ ला गृहमंत्र्यांनी नवीन प्रस्ताव मांडला. बहुतेकांना दहा वर्षं आणि केअरच्या व्हिसावर आलेल्यांना पंधरा. आधीच इथे असलेल्यांनाही लागू. माझं २०२८ चं २०३८ होणार. माझा धाकटा आज सहा वर्षांचा आहे, तो तेव्हा अठराचा असेल. वर्षाला सव्वा लाख पौंडांवर कमावणाऱ्याला मात्र तीनच वर्षं. आणि फराज तर म्हणतात, आम्ही आलो तर कायमचा परवानाच रद्द करू. नियम पुढे येणाऱ्यांसाठी बदलावा, तो त्यांचा देश आहे, त्यांचा हक्क आहे. पण खेळ अर्धा झाल्यावर मैदान लांब करणं ही लबाडी आहे, मग ती कुठल्याही पक्षाने करो.

इथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट, जी निम्म्या लोकांना माहीत नसते. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवर, साध्या व्हिसावर असलात तरी तुम्हाला इथे मत देता येतं. नगरपालिकेला आणि पार्लमेंटला, दोन्हीला. गावाकडे मात्र मत द्यायचं तर मला विमानाने यावं लागतं. बर्मिंगहॅमच्या निवडणुकीची तारीख ७ मे २०२६ ठरली होती. नाव नोंदवायला ऑनलाइन पाच मिनिटं लागतात, तरी आपली माणसं 'आपल्याला काय करायचंय त्यांच्या राजकारणाशी' म्हणून बसतात. अहो, त्यांचं राजकारण तुमच्या पोरांचं वय ठरवतंय!

त्या पंधरा वर्षांच्या प्रस्तावावर सरकारने मतं मागवली होती, मुदत १२ फेब्रुवारी २०२६ होती. मी माझं उत्तर पाठवलंय. कोणाला काही विचारायचं असेल तर मेसेज करा, रविवारी दुपारनंतर मी मोकळा असतो. आणि वाडीतल्या त्या तिघांनी एजंटने दिलेला कागद फोटो काढून मला पाठवा, टोकन देण्याच्या आधी. जागेचं आपण फोनवर बोलू.