टाके मोजू नका

शस्त्रक्रियागृहाबाहेर अधूनमधून घडणारा हा प्रसंग. पित्ताशयातील खड्यांसाठी रुग्णाला आत नेलेले असते. काही वेळाने डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, 'पोट उघडावे लागले, पण रुग्ण सुखरूप आहे.' वाक्याचा उत्तरार्ध कोणाच्या कानांत शिरतच नाही. 'डॉक्टर, तुम्ही तर दुर्बिणीतून करतो म्हणाला होतात!' असा सवाल येतो आणि संध्याकाळपर्यंत गावभर होते, की ऑपरेशन फसले.

हा गैरसमज रुग्णाच्याच जिवावर बेतू शकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे गुण नाकारण्याचे कारण नाही. पोट उघडून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये लँगेनबुख यांनी १८८२ साली प्रथम केली. पुढे शंभर वर्षे तीच रीत चालली. १९८५ साली जर्मनीतच एरिश म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली ही शस्त्रक्रिया केली. पोटात वायू भरून जागा करायची, बेंबीजवळून दुर्बीण आणि आणखी तीन छोट्या छिद्रांतून अवजारे घालायची, अशी ही पद्धत. दुखणे कमी, बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी आणि लवकरच कामावर. हातावर पोट असणाऱ्याला याचे मोल फार आहे.

मात्र चिरा लहान झाला म्हणून आतले काम लहान होत नाही. पित्ताशयाची बारीक नळी व रक्तवाहिनी नेमकी ओळखून, बंद करून मगच कापायची असते. तिथेच यकृताकडून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नलिका असते. वरचेवर सूज येऊन गेली असेल, तर हे सारे एकमेकांना चिकटते आणि कोणती नळी कोणती हे कळेनासे होते. मुख्य नलिकेला इजा झाली तर पोटात पित्त साठते, कावीळ होते, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. हजारात साधारण दोन ते पाच रुग्णांच्या बाबतीत असे घडते. आकडा लहान आहे. पण ज्याच्या घरी ते घडते, त्याला तो लहान वाटत नाही.

अशा वेळी शहाणा सर्जन हट्टाला पेटत नाही. तो अधिक अनुभवी सहकाऱ्याला बोलावतो, पित्ताशयाचा चिकटलेला भाग तसाच ठेवतो किंवा सरळ पोट उघडतो. ही हार नव्हे, सावधगिरी आहे. बाहेर जाब विचारणारे उभे आहेत, या दडपणाखाली तो कापत राहिला तर नुकसान कोणाचे?

यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. 'बिनटाक्याचे ऑपरेशन' अशा पाट्या आम्हीच लावल्या. संमतीपत्रावर सही घेताना 'गरज पडल्यास पोट उघडू' ही ओळ घाईत उरकली, तर पुढच्या रागाला आम्हीच जबाबदार.

वाचकांनी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सोनोग्राफीत सहज दिसलेले, कसलाही त्रास न देणारे खडे बहुधा काढावे लागत नाहीत. पण जेवणानंतर उजव्या बरगडीखाली वारंवार कळा येत असतील, तर काढे-चाटणांत वर्षे घालवू नका. प्रत्येक सुजेगणिक शस्त्रक्रिया अवघड होत जाते. ताप किंवा कावीळ दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि सही करण्यापूर्वी विचारा, 'पोट उघडण्याची वेळ आली तर तयारी आहे ना? खर्च किती वाढेल?'

डॉक्टर बाहेर आले की पहिला प्रश्न 'टाके किती?' हा नसावा. 'माणूस कसा आहे?' एवढेच विचारावे.