धुऱ्यावरचा निंब कोणाच्या हिशेबात?



तालुक्याच्या गावाला लागून असलेली काळी रानं एकामागून एक एन.ए. होत आहेत. मागच्या साली जिथं पऱ्हाटी उभी होती तिथं आज चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खुंट आहेत. जमीन विकणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. कपाशी-ज्वारीच्या भावात सोसायटीचं कर्ज आणि पोरीचं लग्न दोन्ही निभत नाही, म्हणून माणूस विकतो. जमीन त्याची, विकण्याचा हक्कही त्याचाच.

आमचं म्हणणं वेगळं आहे. सौद्याच्या वेळी एकराचा भाव ठरतो, विहिरीचा ठरतो, पाइपलाइनचाही ठरतो. धुऱ्यावरच्या निंबाचा भाव कोणी काढत नाही. मग जेसीबी येतो आणि पहिला घास त्याचाच घेतो.

आम्ही शेतकी पदवी घेऊन गावोगाव फिरू लागलो तेव्हा आम्हीच सांगत होतो, की धुऱ्यावरच्या झाडाच्या सावलीत ज्वारीची चार तासं खुरटतात. ते खोटं नव्हतं, पण हिशेब अर्धाच होता. दुपारी बैल कुठं बांधायचे, निंदणाऱ्या बायांनी भाकर कुठं सोडायची, वखराला आणि बंडीला बाभळीचं लाकूड कुठून आणायचं, हे आम्ही कधी मांडलंच नाही. पाच किलो निंबोळीच्या चुऱ्यात शंभर लिटर पाण्याची फवारणी होते. ती निंबोळी घरची असली तर औषधाच्या दुकानातली उधारी तेवढी कमी.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. १९६४ च्या कायद्यानं साग, चंदन, मोह, आंबा, चिंच, जांभूळ अशी ठरावीक झाडं स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. निंब आणि बाभूळ त्या यादीत नाहीत. म्हणजे आजोबानं लावलेली चिंच अडीनडीला विकायची तर नातवानं कचेरीचे उंबरठे झिजवायचे, आणि लेआउटवाल्यानं रांगेनं निंब आडवे केले तर त्याला विचारणारा कोणी नाही!

शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं तो कडक झाला. पन्नास वर्षं किंवा जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष ठरलं. तोडायच्या झाडाचं जेवढं वय, निदान तेवढी रोपं लावायची, ती सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं सांभाळायची. नियम चांगला आहे. पण आपलं रान नगरपालिकेच्या हद्दीबाहेर. कायदा हद्दीवर थांबतो, प्लॉटिंग थांबत नाही.

याचा परिणाम तुम्हाला ठाऊक आहे. उद्या परवानगीचं लचांड नको म्हणून शेतकरी उगवून आलेलं चिंचेचं रोप आजच उपटतो. लावणाऱ्याला बंधन आणि मोडणाऱ्याला मोकळीक, अशा व्यवस्थेत झाडं वाढतील कशी?

बदली रोपांवरही डोळे मिटून विसंबू नका. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोवळी मुळं तुटतात. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा, चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावं, शेळ्यांपासून काटेरी कुंपण करावं आणि निदान तीन उन्हाळे पाणी घालावं. एवढं केलं तर झाड होतं. फोटोपुरतं लावलेलं रोप होळीपर्यंतही टिकत नाही. वड, पिंपळ, उंबर उपटून दुसरीकडे लावले तर जगू शकतात, पण जुना निंब किंवा चिंच हलवणं फार अवघड. म्हणून उभं झाड वाचवणं हाच स्वस्त मार्ग. फांद्यांच्या घेराखाली नाली खणू नये, मुळांवर मुरमाचा भराव टाकू नये, बुंध्याला सिमेंटचा गळफास लावू नये.

तेव्हा आमची मागणी सरळ आहे. शेतकऱ्यानं लावलेल्या झाडावर शेतकऱ्याचा पूर्ण हक्क असावा. शेतीची जमीन प्लॉटसाठी बदलून घेणाऱ्यानं मात्र, हद्दीच्या आत असो वा बाहेर, प्रत्येक झाडाचा हिशेब द्यावा. लेआउटमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते, ती जिथं झाडं उभी आहेत तिथंच सोडावी.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. आपल्या हातातलं आजच करू. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवता येतात, ती नोंदवा. विकायची वेळ आलीच तर इसारपत्रात झाडांची जात आणि संख्या लिहा, त्यांचा दाम वेगळा मागा आणि कोणती झाडं राखायची तेही लिहून घ्या. रस्त्यासाठी संपादन होत असेल तर संयुक्त मोजणीच्या दिवशी रानात हजर राहा आणि एकेक झाड कागदावर चढल्याशिवाय सही करू नका. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात झाडांचं मूल्य धरावं लागतं आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कमही मिळते. कागदावर नसलेल्या झाडाचं मात्र कवडीही मिळत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या धुऱ्यावरची झाडं मोजून आकडा घेऊन यावा. ज्याची मोजदाद नाही, त्याची चोरी झाली तरी कळत नाही.